उंबऱ्यावरचा उजेड

रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी सगुणाआत्या पितळेची एक वाटी काठोकाठ पाण्याने भरायची, उजव्या तळहातावर ठेवायची आणि हात पुढे लांबवून दाराच्या चौकटीत उभी राहायची. मनात तीसपर्यंत आकडे मोजायची. पाणी काठावरून उतरलं नाही, तर ते कोंबड्यांच्या खापरात ओतून कामाला लागायची. उतरलं, तर तळहात पदराला पुसून वाटी पुन्हा भरायची.

गल्लीतून शेतावर जाणाऱ्या माणसांना हे रोजचं होतं. तरी कुणी ना कुणी बोलायचंच.

"काय सगुणाबाई, सूर्याला पाणी दाखवायलीस का?"

"हात बघायले," वाटीवरची नजर न काढता ती म्हणायची. "तू आपला रस्ता बघ."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शाळेसाठी मी चार वर्षं सेलूला तिच्याकडे राहिले. जिनिंगच्या मागे आमची वस्ती होती. कापसाच्या हंगामात सगळ्या कौलांवर, तारांवर, कोंबड्यांच्या पिसांवरसुद्धा पांढरे धागे चिकटलेले असायचे. तिच्या घराला एकच दार आणि खिडकी नाही. म्हणून त्या दारातून उजेड कसा येतो, कुठवर येतो, कधी निघून जातो, हे तिला घड्याळापेक्षा जास्त ठाऊक होतं.

ती मूळची सेलूची नव्हे. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि त्याची आग गावोगाव पोचली, तेव्हा तिच्या गावातली आमच्या लोकांची घरंही जळाली. आत्या आणि पंडितमामा, म्हणजे तिचे यजमान, चालत सेलूला आले. एक पत्र्याची पेटी होती, आणि मामांच्या बगलेत एक कोंबडी. त्या सालाबद्दल आत्या कधी बोलली नाही. कोंबडीबद्दल मात्र पुष्कळदा सांगायची. वाटेत कोंबडीनं मामांच्या सदऱ्यात अंडं घातलं, आणि ते फुटू नये म्हणून मामा सेलूपर्यंत वाकून चालले. हे सांगताना ती हसायची, मग काहीतरी निवडायला घ्यायची.

मामांना बन्सीधर शेटच्या फोटो स्टुडिओत काम मिळालं. फोटो धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे, कडा कापायच्या. पाच वर्षांनी मामा काविळीने गेले. मूलबाळ नव्हतं. तेराव्या-चौदाव्या दिवशी बन्सीधर शेट दारात येऊन म्हणाला, "पंडितचं काम तुला येतं ना? बघितलंय ना? मग उद्यापासून ये."

ती गेली. लाल बल्बच्या खोलीत उभी राहून लोकांचे चेहरे पाण्यातून वर येताना बघू लागली.

बाहेरच्या कामाची गोष्ट त्यानंतर वर्षभराने निघाली. मोठ्या घरांतल्या मुलींचे फोटो सोयरिकीसाठी लागायचे. पण मुलगी स्टुडिओची पायरी चढली की सगळ्या पेठेला कळायचं, आणि पुढे सोयरीक जमली नाही तर तेही कळायचं. बन्सीधर शेटला घरी बोलवावं, तर परक्या पुरुषासमोर मुलगी बसवायची कशी? म्हाताऱ्या बायकांचा तर प्रश्नच नव्हता. त्यांनी उभ्या जन्मात कुणापुढे तोंडावरचा पदर सारला नव्हता.

शेटच्या भाच्याने कुवेतहून एक छोटा कॅमेरा आणला होता. मुठीपेक्षा थोडा मोठा, झोळीत सहज मावणारा. शेटला तो खेळणं वाटायचा. त्याने तो आत्याच्या हातात दिला.

"तू बाईमाणूस. तुला कोण नाही म्हणणार?"

"म्हणतील की," आत्या म्हणाली. "वेगळ्या कारणानं म्हणतील."

तसंच झालं, पण अर्धंच. तिला नाही म्हणालं नाही कुणी. उंबऱ्याच्या आत मात्र घेतलं नाही. आतल्या बायका बाहेर येत नव्हत्या आणि बाहेरची ही बाई आत जात नव्हती. मग फोटो निघायचा तो उंबऱ्यावर. मुलगी आतल्या बाजूला हातभर अंतरावर बसायची. आत्या ओसरीवर चौकटीला पाठ टेकून.

कॅमेऱ्याबरोबर आलेला चमकणारा दिवा वर्षाच्या आत बिघडला. शेट म्हणाला, दुसरा मागवू. आत्याने नको म्हटलं. त्या दिव्याने चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा यायचा आणि म्हातारी माणसं वीज पडल्यासारखी दचकायची. दिव्यावाचून तिने जे शिकून घेतलं, ते त्या उंबऱ्यावरच.

ती सांगायची, घरात सगळ्यात चांगला उजेड उंबऱ्यापासून हातभर आत असतो. बाहेर ऊन डोळ्यांत जातं, मधल्या खोलीत काहीच दिसत नाही, आणि मधे ही हातभर जागा, तिथे उजेड दुधासारखा असतो. माणसाला दाराकडे सरळ तोंड करून बसवायचं नाही, जरा तिरकं बसवायचं. अंधाराकडच्या गालाजवळ एक पांढरं धोतर टांगायचं, म्हणजे तो गालही उजळतो. कॅमेऱ्याचा डोळा पूर्ण उघडायचा, आकडा तीसवर ठेवायचा, फारच अंधार असेल तर पंधरावर. पंधरावर ठेवला की डोळा बराच वेळ उघडा राहतो, आणि तेवढ्यात हात हलला तर माणसाला दोन नाकं येतात. म्हणून कोपर बरगडीत रोवायचं. कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूचं भोक होतं, त्यात बोल्ट बसवून तिने परकराचा नाडा बांधला होता. नाड्याचं दुसरं टोक पायाखाली दाबून कॅमेरा वर ताणून धरायचा. नाडा ताठ झाला की हात कमी हलतो. बायका तो नाडा बघून हसू दाबायला तोंडाला पदर लावायच्या. तिला तेही हवंच असायचं.

"बटन दाबायचं न्हाई," ती मला सांगायची. "बोट नुस्तं जड होऊ द्यायचं."

आणि श्वास. फोटो म्हटलं की माणूस छाती भरून श्वास घेतो आणि धरून ठेवतो. धरलेला माणूस थरथरतो. म्हणून ती आधीच म्हणायची, "झालं बाई, निघाला." समोरची बाई सुस्कारा सोडायची. त्या सुस्काऱ्याच्या शेवटी एक क्षण असा येतो की माणूस काहीच करत नसतो. तेवढ्यात तिचं बोट जड व्हायचं.

कॅमेऱ्याच्या कड्यावर अंतर ठरवायला चित्रं होती. एक डोकं, दोन माणसं, आणि सगळ्यात लांबचं म्हणून डोंगर. नऊ वर्षांत तिचं कडं डोंगरापर्यंत कधी गेलं नाही.

काम झालं की ओसरीवर चहा यायचा. त्या घरांत आमच्या लोकांसाठी भिंतीच्या कोनाड्यात वेगळा कप असायचा, बहुतेक कान तुटलेला. आत्या म्हणायची, "आज उपास हाय." सोमवारी गेली तरी उपास, मंगळवारी गेली तरी उपास. वस्तीत बायका तिला चिडवायच्या, "सगुणाचे सातही वार उपास. मरायची एखाद्या दिवशी." ती म्हणायची, "घरी येऊन दोन कप पिते की."

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला वाटीतलं पाणी सांडू लागलं.

आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड. डॉक्टरने कंपवात म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिला झोप यायची. मी तेव्हा परभणीला वसतिगृहात राहून एम.ए. करत होते. सुट्टीला आले की ती दारात उभी दिसायची. खाली जमीन ओली, आणि कोंबड्या भोवती जमून वाट बघायच्या. पूर्वी ती तीसपर्यंत मोजायची. आता दहावरच हात खाली घ्यायची.

पावसाळ्यात वस्तीतली तानुबाई फार आजारी पडली. तिचा मुलगा तात्याराव आत्याला बोलवायला आला. आपल्याच माणसाचं घर, उंबऱ्याचा प्रश्न नव्हता. पण आभाळ भरलेलं, घरात अंधार. आत्याने पंधरावर आकडा ठेवून दोन फोटो काढले. तिसऱ्या दिवशी तानुबाई गेली. रोल धुतला तर दोन्ही फोटो हललेले. डोळ्यांच्या जागी दोन रेघा, तोंडाच्या जागी धूर.

तात्यारावने फोटो हातात घेऊन बघितले. मग म्हणाला, "असू द्या सगुणाअक्का. माय अशीच होती. एका जागी कवा बसली?"

त्याने तो फोटो फ्रेम करून लावलाही. आत्या त्या गल्लीतून जायचं टाळू लागली. त्यांच्या दारातून तो दिसायचा. कॅमेरा तिने पेटीत ठेवला आणि बन्सीधर शेटला सांगितलं, आता फक्त धुण्याचं काम. धुताना हात हलला तरी चालतो, पाणी हलवावंच लागतं.

डिसेंबरात मी सुट्टीला आले असताना सुमनबाई आल्या. त्या सेलूत दिलेल्या, माहेर पिंगळी स्टेशनापासून दोन कोसांवर. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या सोयरिकीसाठी आत्याच गेली होती, तिच्या पहिल्या काही फोटोंत तो फोटो होता. आमच्या वस्तीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. दाराशी चप्पल काढावी की नाही, याचा विचार करत उभ्या राहिल्या.

"आईचं काही खरं न्हाई," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणले, आठ दिवस धरा. सगुणाबाई, आईचा एक बी फोटो न्हाई. बाबांचे तीन हायेत भिंतीवर. आईला कुणी कवा बसवलंच न्हाई फोटोला."

"माजा हात गेलाय, सुमनबाई."

"तरी चला."

आत्याने पेटीतून तानुबाईच्या फोटोची एक प्रत काढून त्यांच्यापुढे धरली. सुमनबाईंनी ती बघितली, आणि कुणाचा फोटो आहे हे न विचारता परत दिली.

"शेटला न्या," आत्या म्हणाली. "लख्ख दिवा लावील."

"आईचे डोळे आलेत, उजेड सोसंना तिला. अन् परक्या गड्यापुढं ती पदर काढंल का? मरताना बी काढायची न्हाई. उद्या माझ्या लेकरांनी विचारलं आजी कशी होती, तर मी काय दाखवू?"

त्या गेल्यावर तिने नाडा शोधून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी दोनदा सांडली. तिसऱ्यांदा तिने भरलीच नाही. सुमनबाई आदल्या संध्याकाळीच पुढे गेल्या होत्या. आम्ही दोघी पॅसेंजरने निघालो. तिला पिशवी उचलवत नव्हती म्हणून मी सोबत. पिंगळी स्टेशनावर बैलगाडी आली होती. गाडीत ती डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती. मांडीवर उजवा हात होता आणि त्यावर डावा, दाबून धरलेला.

घर माळवदाचं होतं, जाड भिंतींचं, नुकता रंग दिलेला. टीव्हीचा अँटिना वर. सुमनबाईंचे भाऊ माणिकराव अंगणात उभे होते आणि ओसरीवर त्यांचे चुलते दिनकरराव सुपारी कातरत बसलेले. आम्ही ओसरीच्या कडेला थांबलो. दारातून आत बघितलं तर आधी ओसरीचा अंधार, मग खोलीचा अंधार, त्या खोलीच्या पार टोकाला बाज आणि बाजेवर काहीतरी पांढुरकं. त्या धुरपताबाई.

आत्याने डोळ्याला कॅमेरा लावला आणि खाली घेतला.

"हितून न्हाई येत, मालक. अंधार हाय, अन् लांब हाय."

"उचलून दारापर्यंत आणू का?" माणिकराव म्हणाले.

"हलवायचं न्हाई म्हणलेत डॉक्टर," आतून सुमनबाई ओरडल्या.

अडकित्त्याचा तेवढा आवाज. शेवटी दिनकररावांनी तोड काढली.

"मशीन आत जाऊ द्या की. मशीनला काय हाय? सुमन दाबील."

मी आत्याकडे बघितलं. मला वाटलं, ती आता पिशवी उचलेल. तिने कॅमेरा पुढे केला.

"घ्या सुमनबाई. डोकं दिसायलंय त्या चित्रावर कडं ठिवलंय. बाजेपासून दोन हातांवर बसा. दाबायचं न्हाई, बोट जड होऊ द्या."

चिडून नाही, फार थकलेल्या माणसासारखं बोलली ती. सुमनबाई कॅमेरा घेऊन आत गेल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग त्या पदराने डोळे पुसत बाहेर आल्या.

"काहीच दिसंना मला त्याच्यात. नुस्ता अंधार हाय. मला न्हाई जमत."

तेव्हा आतून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"दिनकरभावजी, फोटो तुमचा हाय का माझा?"

"तुमचाच की, वहिनी."

"मग तुमी सुपारी खावा. ये गं बाई आत. फोटोवाली, ये."

दिनकररावांनी अडकित्ता मिटला. माणिकराव अंगणातल्या रांगोळीकडे बघत राहिले. कुणी ये म्हणालं नाही आणि जाऊ नको असंही म्हणालं नाही. आत्याने चपला काढल्या, अगदी शेजारी शेजारी नीट लावल्या आणि उंबरा ओलांडला.

मी ओसरीच्या कडेलाच बसून राहिले. म्हणून आत जे झालं ते मी ऐकलं. पाहिलं ते नंतर, फोटोत.

आधी तिने पांढरं धोतर मागितलं आणि बाजेच्या बाजूच्या खुंटीला टांगायला लावलं. मग म्हणाली, "मोठी परात हाय का घरात? पितळेची, घासलेली?"

परात आली. आता ती अंगणातल्या उन्हात कुणीतरी धरायला हवी होती, म्हणजे ऊन तिच्यावर पडून दारातून आत त्या धोतरावर जाईल आणि धोतरावरून मऊ होऊन चेहऱ्यावर उतरेल. डोळ्यांत जायला नको. गडी कापूस वेचायला गेलेले. माणिकराव इकडेतिकडे बघून शेवटी स्वतःच परात धरून उभे राहिले. उजेडाचा पिवळा तुकडा आधी ओसरीच्या तुळईवर चढला, मग दिनकररावांच्या टोपीवर आला.

"मालक, जरा खाली," आतून आत्याचा आवाज. "आता डावीकडं. लय झालं. थोडं मागं. हां. आता हलू नका."

माणिकराव हलले नाहीत.

"माणिक, जन्मात परात धरली होतीस का रे?" दिनकरराव म्हणाले.

"काका, तुमी गप बसा. उजेड हलतो."

सुमनबाई चहा घेऊन आत गेल्या. कपबशीचा आवाज आला, कान असलेल्या कपाचा. मी कोनाड्याकडे बघितलं, तिथला कप तिथेच होता.

"घ्या सगुणाबाई."

"उपास हाय."

"आज कोणता वार गं?" धुरपताबाईंनी विचारलं.

"बुधवार."

"बुधवारचा कुणाचा उपास असतो?"

"माजा."

म्हातारी हसली. सुकलेल्या शेंगा हलवाव्यात तसं, खोकल्यात मिसळून जाणारं हसू. एकदा टक् आवाज झाला, पुन्हा एकदा झाला.

"हललं," आत्या म्हणाली, स्वतःशीच.

"किती थरथरायलीस गं. थंडी वाजायली का भ्यालीस?"

"हात म्हातारा झालाय, माय."

"माझ्या आधी?" धुरपताबाई म्हणाल्या. "आण हिकडं. असं."

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. अंगणात माणिकरावांच्या कपाळावरून घाम खाली उतरत होता आणि दारातला उजेडाचा तुकडा जागेवर होता. मग तिसरा टक्.

आत्या बाहेर आली, चपला घातल्या. चहा आतच राहिला होता. गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "नाडा तिथंच इसरले बघ." बाकी काही नाही.

तो रोल तिने त्याच दिवशी स्वतः धुतला. अंधारातला रोल म्हणून औषधात दोन मिनिटं जास्त ठेवला. मग लाल उजेडात कागदावर छापताना मी तिच्या शेजारी उभी होते. पहिला फोटो हललेला. दुसरा थोडा कमी, तरी हललेलाच. तिसरा कागद तिने औषधाच्या पाण्यात टाकला आणि चिमट्याने हळूहळू हलवत राहिली. आधी धोतराची घडी आली. मग भुवया. मग नुकतं हसू संपलेलं तोंड, मिटलेलं, पण डोळ्यांपाशी ते अजून बाकी. सुरकुती न् सुरकुती मोजावी इतकं लख्ख. आणि खालच्या कडेपासून एक हात वर आलेला, कॅमेऱ्याच्या फार जवळ असल्यामुळे धूसर, जाड बांगडीचा. धुरपताबाईंनी आत्याचं मनगट धरलं होतं. तिचा हात त्यांच्या हाताने थांबला होता.

आत्याने तो कागद पाण्यात बराच वेळ राहू दिला.

"आता मशीन शेटला देऊन टाकते," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी धुरपताबाई गेल्या. दिवस झाल्यावर माणिकराव आणि सुमनबाई दोघेही स्टुडिओत आले. माणिकरावांनी फोटो हातात घेतला, मग रुमालाने नाक पुसून म्हणाले, "आई बोलंल असं वाटायलंय. पण हा हात कामून आलाय मधी?"

"आला," आत्या म्हणाली.

"भिंतीवर लावायचाय. पाव्हणे विचारतील. तेवढा काढता येईल का?"

"येतो की. खालून तीन बोटं कापला की झालं."

तिने तिथल्या तिथे कडा कापायच्या सुरीने कापून दिला. सुरी धरताना हात हलत होता, म्हणून पट्टी मी धरली. माणिकराव फ्रेमवाल्याकडे गेले तेव्हा सुमनबाई मागे थांबल्या.

"मला अख्खा द्या," त्या म्हणाल्या. "हातासकट."

आत्याने दोन प्रती काढल्या होत्या. दुसरी त्यांना दिली. स्वतःसाठी ठेवली नाही.

चौदा जानेवारीला नामविस्ताराची बातमी रेडिओवरून आली आणि वस्तीत फटाके सुरू झाले. सोळा वर्षांनी. लोक रडत होते, गुलाल उधळत होते, ज्यांची घरं जळाली होती ते एकमेकांना मिठ्या मारत होते. आत्या दारात बसून बघत होती. पोरांनी तिला ओढून नेलं, म्हणाले, सगळ्यांचा एक फोटो पाहिजे. बन्सीधर शेटने कॅमेरा परत पाठवून दिला होता. "माझ्याकडं ठेवून काय करू," म्हणाला.

"माजा हात हलतो रे," ती म्हणाली.

मग तिने वर बघितलं. भर दुपार होती, ऊन लख्ख. इतक्या उन्हात कॅमेऱ्याचा डोळा क्षणभरच उघडतो, हात हलला तरी काही बिघडत नाही. तिने आकडा बदलला आणि कडं फिरवलं. एक डोकं, दोन माणसं. ते डोंगरापाशी गेलं आणि अडकलं. नऊ वर्षांत कधी तिथवर फिरलंच नव्हतं, तेल पाहिजे होतं. तिने नखाने जोर देऊन ते बसवलं. शंभरेक माणसं उन्हात डोळे बारीक करून उभी होती.

"श्वास घ्या नका घेऊ, काय बी करा," ती ओरडली. "आज सगळं चालतंय."

फोटो चांगला आला. मला त्यात सगळे सापडतात. ती अर्थातच नाही. तिचा एकही फोटो नव्हता, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मार्चमध्ये तिला ताप आला. वडिलांचं पत्र मिळालं तेव्हा मी परीक्षेच्या तयारीत होते, तशीच निघाले. ती बाजेवर होती, उंबऱ्यापासून हातभर आत. बाज तिनेच तिथे सरकवून घेतली होती. चेहरा लहान झाला होता. हात गोधडीवर थरथरत होते, झोपेतसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीतून कॅमेरा काढला. रोलमध्ये चार-पाच फोटो शिल्लक होते. खुंटीला धोतर टांगलं. मग मला भीती वाटली. मी वाटी काठोकाठ भरली, तळहातावर घेतली आणि दारात उभी राहिले. पाणी काठावर चढून गोल फुगलेलं, त्यात आभाळाचा एक तुकडा. ती जागी होऊन बघत होती, हे मला माहीत नव्हतं.

"किती मोजलीस?"

"अठरा."

"लय झाले."

मी वाटी उंबऱ्यावर ठेवली, बाजेच्या काठावर कोपर टेकलं आणि कडं डोक्याच्या चित्रावर आणलं. आकडा पंधरावर ठेवला. ती दाराकडे जरा तिरकी झाली, न सांगता. गालावरचा पदर नीट केला. मी म्हणाले, "झालं आत्या, निघाला." तिला ही युक्ती ठाऊक होती, तिचीच होती. तरी तिने सुस्कारा सोडला. माझं बोट जड झालं.

त्यानंतर ती उंबऱ्याकडे बघत पडून राहिली. ऊन सरकत आत येत होतं. कोंबड्या दाराशी जमल्या होत्या. संध्याकाळी तिची शुद्ध हरपली आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. पण त्या सकाळी, डोळे मिटायच्या आधी, तिने हात किंचित उचलून दाराकडे केला आणि म्हणाली, "वाटीतलं पाणी तसंच ठिवू नको. कोंबड्यांना टाक."